पत्र कोणीतरी घेऊन जावे लागते

(आपल्या सहाय्यक-मित्रांच्या वार्षिक मेळाव्यात शिक्षण विभागाच्या सेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज मला विषय दिला आहे तो असा : मुलांसाठी ऑनलाइन ख्रिस्ती शाळा, आणि त्यामागची आपली भूमिका. हा विषय कमिटीने सहज निवडलेला नाही. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी अनेकांनी पत्राने, फोनवर आणि उपासनेनंतर चहाच्या वेळी मला एकच प्रश्न विचारला आहे. "बाई, आता सगळे शिक्षण मोबाइलवर आले. परदेशात ख्रिस्ती कुटुंबांतली मुले घरबसल्या शाळा शिकतात. आपल्या सातपुड्यातल्या मुलांना टॅब घेऊन दिले, त्यात तयार ख्रिस्ती अभ्यासक्रम घालून दिला, तर मग पाड्यापाड्यांवर माणसे ठेवण्याचा खर्च कशाला?"

प्रश्न प्रेमापोटी आहे, हे मला ठाऊक आहे. एका कुटुंबाने तर टॅब देण्याची तयारीही दाखवली आहे. त्यांचे मी मनापासून आभार मानते. दुसरीकडे, पाड्यांवर वर्ग घेणाऱ्या आपल्या ताईंच्या मानधनाची सोय फक्त मार्चपर्यंतच आहे. पुढच्या बैठकीत कमिटीला ठरवायचे आहे की पैसा आधी कशावर घालायचा. म्हणून आज मी गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगते. टॅब हवेत. चांगले धडेही हवेत. पण धडा घेऊन जाणारे आणि मुलाशेजारी बसणारे माणूस आधी हवे. ते नसेल तर आपण शाळा दिली असे होणार नाही, फक्त वस्तू दिली असे होईल.

हे मत मी कशाच्या आधारावर मांडते, ते आता सांगते.

दुरून शिकवणे ही आपल्या मंडळीला नवी गोष्ट नाही. नव्या कराराची पाने उलटून पाहा. त्यातली किती तरी पुस्तके म्हणजे पत्रे आहेत. पौल तुरुंगात आहे, मंडळ्या दूर आहेत, आणि तो लिहून शिकवतो आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते त्या काळचे दूरशिक्षणच होते. पण ते कसे चालत होते, हे नीट पाहू या. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तुखिकाचे नाव येते. पौल सांगतो की माझी सगळी हकिगत तो तुम्हाला तोंडी सांगेल आणि तुमच्या मनाला धीर देईल. म्हणजे पत्रासोबत माणूस गेला. रोमकरांस लिहिलेले पत्र फिबी नावाच्या बहिणीने नेले असे मानले जाते, आणि तिचा योग्य तो स्वीकार करा अशी विनंती पौलाने केली आहे. पुढे कलस्सैकरांनाच तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा. म्हणजे पत्र एकेकट्याने कोपऱ्यात बसून वाचायचे नव्हते, सर्वांनी जमून ऐकायचे होते.

आणि वडील योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी काय म्हणतो? लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईने करण्याची त्याची इच्छा नाही. त्याला येऊन समोरासमोर बोलायचे आहे, म्हणजे आनंद पूर्ण होईल. कागद आणि शाई हे त्या काळचे साधन. योहानाने त्याचा उपयोग केला, पण त्यावर तो समाधानी राहिला नाही.

माझ्या मते ऑनलाइन ख्रिस्ती शाळेचे सारे तत्त्व या तीन गोष्टींत आले. पत्र जरूर लिहा. ते कोणीतरी घेऊन जावे. आणि ते जमलेल्या लोकांत वाचले जावे. ज्या देवाने जगाला वाचवण्यासाठी नुसता निरोप धाडला नाही, तर शब्द देही झाला, त्याच्या लोकांना मुलांच्या शिक्षणाचा दुसरा नमुना शोधण्याची गरज नाही.

परदेशातल्या पद्धती, आणि आपले घर

आता परदेशातल्या ख्रिस्ती घरशाळांविषयी. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन नावाच्या शिक्षिकेने १८९१ पासून घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने वेळापत्रक, पुस्तकांची निवड आणि प्रश्नपत्रिका पाठवण्याची सोय केली. मूल हे रिकामे भांडे नसून देवाने घडवलेली पूर्ण व्यक्ती आहे, हा तिचा पाया होता. अमेरिकेत १९७० मध्ये एका दांपत्याने ख्रिस्ती शिक्षणाची एक पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक विषयाच्या छोट्या पुस्तिका असतात आणि मूल आपल्या गतीने त्या पुऱ्या करते. ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आजच्या बऱ्याच ऑनलाइन ख्रिस्ती शाळा याच वाटेने आल्या आहेत. पुस्तिकेच्या जागी पडदा आला, एवढेच.

त्यांचा शास्त्राधार बहुधा अनुवाद ६ हा असतो. तेथे मोशे आईबापांना सांगतो की देवाची वचने मुलांच्या मनावर ठसवा, आणि त्यांविषयी घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना बोलत जा. शिक्षणाची पहिली जबाबदारी घराची, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे.

पण ही पद्धत तिकडे का चालते, तेही पाहिले पाहिजे. तिकडे घरात एक शिकलेली आई किंवा बाप दिवसभर मुलाजवळ असतो. घराची भाषा आणि धड्याची भाषा एकच असते. दिवे जात नाहीत. फोनला रेंज असते. म्हणजे बाहेरून दिसतो तो पडदा, पण शाळा चालवते ती पडद्यामागे उभी असलेली आई. आपण फक्त पडदा उचलून धडगावच्या डोंगरात नेला आणि आई तिकडेच ठेवून दिली, तर काय होईल?

काय होते ते देशाने पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आश्रमशाळांची वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या पाड्यांवर परतली. धडे मात्र फोनवर येऊ लागले. 'असर' या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के होते. ते २०२१ मध्ये सुमारे ६७ टक्क्यांवर गेले. फोन वाढले, यात शंका नाही. पण त्याच सर्वेक्षणात असेही दिसले की घरात फोन असूनही साधारण चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो. घरी असला तर मोठ्या भावाच्या हातात असतो. आणि धाकट्या बहिणीचा नंबर लागेपर्यंत बॅटरी संपलेली असते.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट येते. दिवाळी झाली की सातपुड्यातली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागे पालावर मुले. शाळेत नाव मराठीत, आणि तिथल्या गावच्या शाळेची पाटी गुजरातीत. होळीला माणसे परत येतात, तोवर वर्षातला किती अभ्यास बुडालेला असतो, हे सांगायला नको. अनुवादातल्या त्या आज्ञेप्रमाणे हे आईबाप मुलांबरोबर निजतात आणि उठतात, पण ते पहाटे अंधारात फडावर जाण्यासाठी. त्यांना आळशी किंवा बेफिकीर म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

"ही बाई माझ्या नातीला ओळखते का?"

दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावर आम्ही टॅबवर एक धडा दाखवत होतो. धडा उत्तम होता. चित्रे रंगीत, आवाज स्पष्ट. दाराशी एक पावरा आजी बसली होती. तिने पुष्कळ वेळ पाहिले आणि आमच्या ताईला तिच्या भाषेत विचारले, "ही पेटीतली बाई माझ्या नातीला ओळखते का?"

ताई म्हणाली, "नाही आजी. ती खूप लांब असते."

आजी म्हणाली, "मग पोर रडली तर तिला कसे कळणार?"

आजीला अक्षर येत नाही. पण शिक्षणशास्त्राच्या जाड पुस्तकात सापडणार नाही इतके नेमके तिने विचारले. प्रभूने आपल्याविषयी काय सांगितले आहे? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना त्यांच्या नावाने हाक मारतो. ख्रिस्ती शाळेची पहिली परीक्षा हीच आहे. शिकवणारा मुलाला नावाने ओळखतो का? त्याच्या घरी काल चूल पेटली की नाही, हे त्याला ठाऊक आहे का?

लूकच्या पंधराव्या अध्यायातला दाखला आपण सारे जाणतो. शंभरातली नव्याण्णव मेंढरे जागेवर आहेत आणि एक हरवले आहे. ऑनलाइन वर्गाचा हिशेब बघाल तर तो नव्याण्णवांचा असतो. कोण आले, किती मिनिटे बसले, किती उत्तरे बरोबर आली, हे सारे यंत्र चोख सांगते. जे मूल आलेच नाही, त्याच्या नावापुढे ते एक रिकामी चौकट दाखवते आणि पुढे जाते. त्या रिकाम्या चौकटीपाशी थांबणे, चपला घालणे आणि चढण चढून त्या घरी जाणे, हे काम माणसाचे आहे. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस न आलेल्या एका मुलीच्या घरी आमची ताई अशीच गेली. घरात धाकटा भाऊ तापाने फणफणला होता आणि आईबाप शेतात होते. ताईने आधी दवाखान्याची सोय केली. अभ्यासाचे नाव दुसऱ्या आठवड्यात काढले. ती मुलगी आज वर्गात आहे.

भाषेचा प्रश्न

तयार अभ्यासक्रमाविषयी आणखी एक गोष्ट. परदेशातून येणारे धडे इंग्रजीत असतात. काही जण म्हणतात, मराठीत करून घेऊ. चांगलेच आहे, पण पावरा मुलाची घरची भाषा पुस्तकी मराठी नाही. भिलाच्या मुलाची नाही, मावचीची नाही, आणि गडचिरोलीच्या माडिया मुलाची तर मुळीच नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत आई हाक मारते, त्या भाषेत पहिले अक्षर आणि पहिली बेरीज भेटली पाहिजे. मग मराठी आणि नंतर इंग्रजी अशा पायऱ्या त्याला चढता येतात.

हा आग्रह माझा एकटीचा नाही, आपल्या वारशातला आहे. कोमेनियस हा मोरेव्हियन बंधूंचा बिशप. त्याने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक काढले. त्यात लॅटिनच्या शेजारी लोकांची रोजची भाषा छापली होती. आज आपण पडद्यावर चित्र दाखवून शिकवतो, ती वाट त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखवली. आणि आपल्या पंडिता रमाबाई! इतक्या मोठ्या विदुषी, संस्कृत त्यांच्या जिभेवर. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायांना कळावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. आयुष्याच्या शेवटापर्यंत, १९२२ पर्यंत, त्या या कामात होत्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

इथे दोन गोष्टी माझ्या मनात भरतात. रमाबाईंना यंत्राचे वावडे नव्हते. छापखाना म्हणजे त्या काळचे नवे साधनच, आणि त्यांनी ते बायकांच्या हाती दिले. पण यंत्रात काय घालायचे, ते त्यांनी शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईकडे पाहून ठरवले. आपणही तसेच करावे. टॅबमधला धडा कोणाच्या सोयीचा असावा? देणाऱ्याच्या नाही. शेवटी बसलेल्या मुलाच्या.

मग "ख्रिस्ती" म्हणजे काय?

काही मित्रांना वाटते की प्रत्येक धड्याच्या वर एक वचन घातले की शाळा ख्रिस्ती झाली. मला तसे वाटत नाही. सात त्रिक एकवीस हे ख्रिस्ती मुलालाही तेवढेच आणि दुसऱ्यालाही तेवढेच. गणित, विज्ञान, भूगोल हे देवाच्याच सृष्टीचे सत्य आहे, आणि ते नीट, प्रामाणिकपणे शिकवणे हाच त्याचा मान आहे. चुकीचे गणित शिकवून वर प्रार्थना केली, तर ती प्रार्थनाही लाजेल.

ख्रिस्तीपण दिसले पाहिजे ते मुलाकडे बघण्याच्या नजरेत. ते मूल देवाच्या प्रतिरूपात घडलेले आहे. म्हणून त्याला हळू समजते यासाठी कोणी हसणार नाही. मुलीचा टॅबवरचा वेळ मुलाइतकाच असेल. पहिला आलेला मागे राहिलेल्याला शिकवील. शिष्य मोठेपणावरून वाद घालत होते, तेव्हा प्रभूने एका बालकाला त्यांच्या मध्ये उभे केले, हे लक्षात ठेवा. शाळेच्या मध्यभागी यंत्र उभे करायचे नाही, बालक उभे करायचे.

आणि एक नाजूक पण स्पष्ट गोष्ट. आपल्या वर्गांत येणारी सगळी मुले ख्रिस्ती घरांतली नाहीत. पुष्कळांच्या घरी त्यांच्या वाडवडिलांचे देव आहेत. शिक्षण हे गळाला लावलेले आमिष होता कामा नये. राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आपले वर्ग त्या व्याख्येत बसतात की नाही, हा वाद मला घालायचा नाही. कायद्याने सांगितले नसते, तरी प्रेमाने हेच सांगितले असते. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले. परत आला एकच. उरलेल्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. आपल्या वर्गात अभ्यास सर्वांसाठी आहे. प्रार्थना आणि शास्त्रकथा वेगळ्या वेळी आहेत, आणि त्याला आईबाप स्वतः पाठवतील तीच मुले बसतात. कोणी विचारले की हे सगळे कशासाठी करता, तर आम्ही प्रभूचे नाव लपवत नाही.

मुलांची सुरक्षा

ऑनलाइन म्हटले की दार उघडते. त्या दारातून चांगला शिक्षक येतो तसा लांडगाही येऊ शकतो. म्हणून आपल्या वर्गांचे काही नियम आहेत, आणि त्यात सवलत नाही. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाशी व्हिडिओवर बोलणार नाही. दुसरे जबाबदार माणूस हजर असलेच पाहिजे. मुलांचे नंबर देणगीदारांना दिले जाणार नाहीत. वर्गाबाहेर टॅब कुलपात राहील. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा प्रत्येक ताईला समजावून दिलेला आहे. मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय वापरता येत नाही.

यात तुमच्याकडे एक मागणे आहे, कदाचित थोडे कडू लागेल. "आमच्या पैशांतून शिकणाऱ्या मुलीचा फोटो पाठवा, नाव कळवा, तिच्याशी व्हिडिओवर बोलू द्या," असे आग्रह होतात. कृपा करून ते करू नका. गरीब असली तरी तिचा चेहरा तिचा आहे. तो आपल्या पावतीला टाचण्यासाठी नाही. डावा हात जाणणार नाही असे दान करायला प्रभूने शिकवले आहे, आणि त्यात मुलाचेही रक्षण आहे.

टॅबचा खरा उपयोग

एवढे बोलल्यावर तुम्ही म्हणाल, बाईंना टॅब नकोच आहेत. तसे नाही. टॅबने काय साधते, हे मी रोज बघते.

डोंगरातल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो, तो पडद्यावर दिसतो. बी कसे रुजते, हृदय कसे धडधडते, हे दाखवता येते. सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे, त्यावर मराठी धडे मोफत मिळतात. मग नवे विकत कशाला घ्यायचे? आठवी-दहावीनंतर घरी बसलेल्या मुलींना मुक्त विद्यालयातून परीक्षेला बसवता येते, आणि त्यांना पडद्यावरच्या तासांचा मोठा आधार होतो.

आमचा वर्ग कसा चालतो, ते थोडक्यात सांगते. बाजाराच्या दिवशी ताई धडगावला जाते. तिथे रेंज असते, तिथे आठवड्याचे धडे उतरवून घेते. पाड्यावर रेंज नसली तरी अडत नाही. वर्गात धडा वीस मिनिटे चालतो. मुले एका टॅबभोवती जमून बसतात. मध्येच ताई तो थांबवते आणि विचारते, "काय म्हणाली ती बाई? आपल्या भाषेत सांगा बरे." मग टॅब बाजूला ठेवून चिंचोके मोजणे, पाटीवर लिहिणे, एकमेकांना वाचून दाखवणे. घरी गेल्यावर आईला किंवा आजीला आजचा धडा सांगायचा, हा गृहपाठ. ज्या आईला वाचता येत नाही, तिलाही ऐकता येते. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात वसला होता, असे पौल लिहितो. आपल्या पाड्यांवरच्या आज्यांना बी-बियाणे, रानभाज्या, पावसाच्या खुणा यांचे जे ज्ञान आहे, ते आम्ही महिन्यातून एकदा वर्गात त्यांनाच सांगायला बोलावतो. त्या दिवशी टॅबवर त्यांचा आवाज भरून घेतला जातो. शिक्षण वरून खाली येते तसे खालून वरही गेले पाहिजे.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी मेमरी कार्डवर धडे भरून देतो. पालावर आईबापाच्या फोनमध्ये ते चालते. पण तिथेही नुसते कार्ड पुरत नाही. दर आठवड्याला ताई फोन करते, आईबापासमोर मुलाशी बोलते, त्याचे वाचन ऐकते. कार्ड हे पत्र आहे, आणि तो फोन म्हणजे तुखिक.

एक खुलासा करते. हे सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बदल्यात नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. मुलाचे नाव शाळेच्या पटावर राहिलेच पाहिजे. आपण शाळेला जोड देतो, तिची जागा घेत नाही.

तुमच्यापुढचा निर्णय

म्हणून कमिटीपुढे आणि तुमच्यापुढे माझी विनंती अशी. जेवढे टॅब देऊ केले आहेत, तेवढे सगळे घेऊ नयेत. ज्या पाड्यावर ताई आहे, त्या पाड्यासाठी एक टॅब पुरे. उरलेल्या रकमेतून ताईंचे मानधन पुढच्या वर्षासाठी नक्की करावे. ज्या कुटुंबाने ही देणगी देऊ केली, त्यांच्याशी मी बोलले आहे. ते विचार करीत आहेत. त्यांच्यावर दडपण आणू नका, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. वस्तू दिली की तिच्यावर नाव कोरता येते. मानधनावर नाव कोरता येत नाही. त्यामुळे हे देणे अवघड आहे, हे मी जाणते.

या ताई कोण आहेत? त्याच पाड्यांवरच्या मुली. शिकून परत आलेल्या. शहरात त्यांना जास्त पैसे मिळाले असते. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार नावाची अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून मुंबईला आली आणि पुढे अहमदनगरला मुलींसाठी आयुष्यभर शिकवत राहिली. १८६२ मध्ये तिचा देह तिथेच ठेवला गेला. सावित्रीबाई फुले यांनी तिच्याकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, अशी नोंद आहे. एक बाई समुद्र ओलांडून आली, दुसरीला तयार केली, आणि त्या दुसरीने महाराष्ट्राचा इतिहास बदलला. आज आपल्याला समुद्रापलीकडून शिक्षिका आणण्याची गरज नाही. त्या आपल्या डोंगरातच आहेत. त्यांना मार्चनंतर घरी पाठवायचे नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

शेवटी प्रार्थनेचे विषय सांगते. ते घरी जाताना बरोबर न्या.

पाड्यांवरच्या ताईंसाठी प्रार्थना करा. पावसाळ्यात नाले भरतात, तेव्हा त्यांच्या येण्याजाण्यात प्रभूने संरक्षण द्यावे.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना करा. होळीपर्यंत ती सुखरूप परत यावीत, आणि त्यांचे वाचन सुटू नये.

धडे तयार करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्यांना शेवटी बसलेले मूल दिसावे.

आणि कमिटीच्या बैठकीसाठी प्रार्थना करा. आम्हांला शहाणपण मिळावे, आणि जे सोपे आहे त्यापेक्षा जे मुलाच्या हिताचे आहे ते निवडण्याचे धैर्य मिळावे.

प्रभू तुम्हा सर्वांना आणि तुमच्या लेकराबाळांना आशीर्वादित करो. आमेन.